काही लागलं तर सांगा

माझ्या मुलाच्या जन्मानंतर नवव्या दिवशी दुपारी मी बाथरूमच्या फरशीवर बसले होते, नळ पूर्ण सोडून. धो धो पाण्यात रडणं ऐकू जात नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाहेर बाळ झोपलेलं, घर आनंदात, बघायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येक जण निघताना चपला घालता घालता एकच वाक्य बोलायचा, "काही लागलं तर सांगा हं." मी मान हलवायचे. मला काय लागतंय तेच मला कळत नव्हतं.

त्याच दुपारी परिचारिकाबाई आल्या. आम्ही बोलावलं नव्हतं. बाळंतीण घरी गेली की ठरलेल्या दिवशी फेरी मारायची, हे त्यांचं नेमून दिलेलं काम होतं. त्यांनी काट्याला झोळी अडकवली, बाळाला त्यात निजवलं, आकडा टिपून घेतला. नाळ बघितली, घड्याळ समोर धरून श्वास मोजले. मग कार्ड मिटता मिटता माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाळ झोपलं की तुम्हाला झोप लागते का?"

मी "नाही" म्हटलं, आणि मग मला थांबताच येईना.

याला २४ वर्षं होतील. तो प्रश्न सहज आलेला नव्हता हे मला फार नंतर कळलं. दमलेली आई संधी मिळाली की झोपते. बाळ गाढ झोपलेलं असतानाही जी टक्क जागी राहते, तिच्याकडे नीट बघायला हवं. प्रसूतीनंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली ब्रिटनमध्ये १० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, एडिंबरोच्या नावाने ती जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, भीती वाटली का, असे साधेच प्रश्न आहेत. दहावा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटली का हा आहे. आता मीही घरोघरी जाऊन हे प्रश्न विचारते, आणि तो विचारताना आजही माझा आवाज खाली येतो. पण मी तो गाळत नाही.

परिचारिकाबाई पुढे सहा आठवडे येत राहिल्या. त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं, नवऱ्याला समोर बसवून रात्रीचं एक जागरण त्याच्याकडे दिलं, आणि सासूबाईंना सांगितलं, "बाळ तुम्ही सांभाळाल, ते मला दिसतंय. सूनबाईला जरा सांभाळा." सासूबाईंनी ते शब्दशः पाळलं. दुपारी दोन तास माझ्या खोलीचं दार बंद करून त्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या. आत कुणालाही सोडायच्या नाहीत.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची गोष्ट याच सासूबाईंची आहे.

मुलगा १७ वर्षांचा होता तेव्हा त्यांचं विसरणं वाढलं. आधी किल्ल्या, मग नावं, मग तारखा. पुढे रोज संध्याकाळी त्या पिशवी भरायला लागल्या. दोन साड्या, चष्म्याचं रिकामं घर, सासऱ्यांचा फोटो. "मला घरी सोडा, उशीर होतोय." त्याच घरात त्या ४० वर्षं राहत होत्या. मी समजावायचे, आई, हेच तुमचं घर. त्या चिडायच्या, मग रडायच्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, पुढची तारीख दिली. स्मृतिभ्रंश. दवाखान्यातून बाहेर पडताना हातात एक कागद होता आणि त्याच्या तळाशी एक फोन नंबर. खाली छापलेलं: मदत हवी असल्यास संपर्क करावा.

म्हणजे पुन्हा तेच. काही लागलं तर सांगा.

आता कुणी आपणहून येणार नव्हतं. वजनाचा काटा नाही, ठरलेला दिवस नाही, कार्ड नाही. मी फोन केले, रांगा लावल्या, झेरॉक्स जोडल्या. एका कार्यालयात घरपोच मदतीचा फॉर्म भरताना समोरच्या माणसाने विचारलं, "आजी एकट्या राहतात का?" मी म्हटलं, नाही, आमच्याजवळ असतात. त्याने पेन खाली ठेवलं. "मग घरात माणसं आहेत ना?"

त्याचा स्वभाव वाईट नव्हता. यादीत तसाच रकाना होता. पण त्या वाक्याने मी यादीतून गेले. घरात माणसं होती, म्हणजे मी होते. रात्री तीनदा उठणारी, ऑफिसात डोळे मिटणारी, मुलाच्या बारावीच्या वर्षात त्याच्याशी नीट दोन वाक्यं न बोललेली. खाली लहान आणि वर म्हातारं, दोन्हीकडून दाबलेल्या या मधल्या पिढीला 'सँडविच जनरेशन' हे नाव १९८१ मध्ये डोरोथी मिलर या अमेरिकन समाजकार्यकर्तीने दिलं. मला तो शब्द तेव्हा ठाऊक नव्हता. दाब मात्र चांगला ठाऊक होता.

गेली काही वर्षं मी स्वतः गृहभेटी देण्याचं काम करते. त्यात तान्ह्या बाळाची घरं असतात आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचीही. त्यामुळे ही तुलना माझ्या डोक्यातून जात नाही. बाळासाठी आपण जे शिकलो, ते म्हाताऱ्या माणसासाठी आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी का विसरतो?

बाळासाठी जे शिकलो तेही आपोआप आलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. जन्मलेल्या बाळाच्या घरी जायचं, श्वास मोजायचे, ताप आणि वजन बघायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून तिथेच उपचार सुरू करायचे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ नंतर त्यात तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत, दर तीन महिन्यांनी एक, अशा आणखी पाच भेटींची भर पडली.

ही यादी मला पाठ आहे. तिच्यात 'आईने फोन केला तर' असं कुठेही नाही. (आणि ही सगळी पायपीट करणाऱ्या बायकांना पगार नाही, 'मानधन' मिळतं, याचा मला प्रत्येक वेळी राग येतो. इतक्या बाळांचा श्वास ज्यांच्या हातात आहे त्यांचा मान शब्दात ठेवून भागत नाही.)

फिनलंडमध्येही असंच. तिथे १९३८ पासून गरजू गर्भवतींना बाळाच्या कपड्यांची, सामानाची पेटी मिळायला लागली. १९४९ मध्ये 'गरजू' ही अट गेली आणि पेटी सगळ्यांची झाली. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत 'नेउवोला'त, म्हणजे माता-बाल सल्ला केंद्रात, तपासणीला जायचं. मला यातली पेटीपेक्षा ती काढलेली अट महत्त्वाची वाटते. मदत फक्त गरजूंसाठी असली की दारात आलेल्या ताईंकडे शेजारी बघतात, आणि आतली बाई दार उघडत नाही. सगळ्यांच्या दारात येते तेव्हा तिच्यात लाजायचं काही राहत नाही. मी ज्या घरांत जाते तिथे पहिल्या भेटीत मला हमखास विचारलं जातं, "आमच्याकडेच का आलात? कुणी काही सांगितलं का?" मी सांगते, "यादीत सगळीच घरं आहेत. आज तुमचा नंबर." चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो.

म्हातारपणासाठी अशी यादी करणं अवघड आहे असंही नाही. काय बघायचं ते जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलं आहे, आणि ते बघायला डॉक्टरच लागतो असं नाही. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने ते आठवतात का विचारायचं. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा १४ सेकंदांत उठता येतं का बघायचं. गेल्या तीन महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलंय का, भूक गेलीय का. कुजबुजलेलं ऐकू येतं का. लांबचं, जवळचं दिसतं का. दोन आठवडे मन उदास आहे का. सांभाळणाऱ्या माणसावर किती भार आहे हेही बघायला त्यात सांगितलं आहे, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

खुर्चीचं मी जवळजवळ प्रत्येक घरी करते. एका आजोबांना तिसऱ्यांदा उठताना हात टेकवावे लागले तेव्हा त्यांच्या मुलाचा चेहरा पडला. रोज समोर असलेल्या वडिलांच्या पायातली ताकद कधी गेली हे त्याला कळलंच नव्हतं. ते पडण्याच्या आधी कळलं, एवढंच. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी बसली, पायपुसणं निघालं, पायांचे व्यायाम सुरू झाले.

माझ्या सासूबाईंच्या बाबतीत मला आधार सापडला तो योगायोगाने. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांच्या गटाबद्दल सांगितलं. दर शनिवारी एका हॉलमध्ये १५-२० माणसं गोल करून बसायची. जिथे रुग्ण, घरचे आणि जाणकार एका टेबलाशी बसतात अशी 'अल्झायमर कॅफे'ची कल्पना नेदरलँड्समध्ये मानसतज्ज्ञ बेरे मीसेन यांनी १९९७ मध्ये मांडली. आमचा गट तसा काही आखलेला नव्हता. पण तिथे पहिल्याच शनिवारी मी पिशवीची गोष्ट सांगितली, आणि समोरचे काका म्हणाले, "तुम्ही त्यांना हे घर आहे असं पटवू नका. त्या घर मागत नाहीयेत, जीव घाबरा होतोय एवढंच सांगतायत. पिशवी हातात घ्या आणि म्हणा, चला, मी सोडते."

त्या संध्याकाळी मी पिशवी उचलली. आम्ही दोघी जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत चाललो, वळलो, परत आलो. दारात त्या म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं." आणि आत जाऊन बसल्या. पुढे जवळजवळ वर्षभर आम्ही रोज अशा घरी जात होतो.

गोळ्यांच्या चिठ्ठीवर हे कुणी लिहिलं नसतं. ते काकांनी आपल्या बायकोबरोबर चालून शिकलं होतं.

त्याच गटामुळे आठवड्यातून दोन दिवस चार-चार तास सासूबाईंना एका देखभाल केंद्रात ठेवता येऊ लागलं. पहिल्या दिवशी त्या चार तासांत बँकेची कामं करायची असं ठरवून मी निघाले, आणि केंद्रापासून थोड्या अंतरावर एका बागेच्या बाकावर बसून राहिले. काहीही केलं नाही. पाय हलवले, झाडं बघितली. मला वाटतं सांभाळणाऱ्या माणसाला औषधासारखी लिहून द्यायला हवी अशी ही गोष्ट आहे. आठवड्याला दोनदा, चार तास, कारण विचारू नये.

मदत चालत जाता येईल इतकी जवळ असावी लागते, हे झिंबाब्वेतल्या एका मनोविकारतज्ज्ञाला फार जड किंमत देऊन कळलं. डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने जीव दिला. ती उपचाराला यायची होती, पण दवाखान्यापर्यंत यायला तिच्या घरच्यांकडे बसभाडं नव्हतं. २००६ मध्ये त्यांनी हरारेतल्या १४ आज्यांना शिकवलं आणि वस्तीतल्या आरोग्यकेंद्रांच्या आवारात लाकडी बाकांवर बसवलं. त्या आज्या नैराश्य हा शब्द वापरत नाहीत. 'कुफुंगिसिसा' म्हणतात, शोना भाषेत फार विचार करत बसणं. २०१६ मध्ये त्याची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, आणि सहा महिन्यांनंतर बाकावर येणाऱ्यांची लक्षणं नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्टपणे कमी झालेली दिसली. या कामात म्हातारी माणसं मदत घेणारी नाहीत, देणारी आहेत. आमच्याकडे आजी म्हटलं की लगेच लाभार्थीचा रकाना. माझ्या सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या तेव्हा तीही सेवाच होती. कुठल्याच नोंदवहीत नव्हती.

आता एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पाच महिन्यांचं बाळ, चार वर्षांची ताई, १५ वर्षांचा दादा, काम गेलेले वडील, खुब्याचं हाड मोडलेली आजी, आणि या सगळ्यांच्या मधे आई. एका आठवड्यात त्या घरी पाच जण येऊन गेले. बाळाच्या लसीसाठी एक, अंगणवाडीतून एक, आजीची जखम बघायला एक, दादा शाळेत येत नाही म्हणून शाळेतून एक, आणि मी. प्रत्येकाने नाव, वय, घरात किती माणसं हे नव्याने लिहून घेतलं. मी वही काढली तशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे एकमेकांशी बोलत नाही का?"

मी वही मिटली.

त्या दिवशी दोन तास नुसती बसून राहिले. ११ वाजता आजीला शौचाला न्यायची वेळ झाली, आणि आतून दादा आला. त्याने आजीच्या काखेत हात घातले, गुडघ्याने आधार दिला, अलगद उचललं. सराईतपणे. वडिलांची पाठ धरलेली, आईच्या पोटावर टाके. आजीला उचलू शकेल असा घरात तो एकटाच होता, म्हणून शाळा बंद. शाळेच्या फाइलीत तो 'अनियमित' होता. आजीच्या फाइलीत 'घरी मदतनीस उपलब्ध' असं लिहिलेलं होतं. दोन्ही फाइली खऱ्या होत्या, आणि त्या एकाच मुलाबद्दल आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढे जे झालं ते मोठं नव्हतं. उचलायचा पट्टा आणि कमोडची खुर्ची मिळाली. फिजिओथेरपीच्या ताईंनी वडिलांना पाठ सांभाळून कसं उचलायचं ते शिकवलं, सकाळच्या वेळेला मदतीला एक मावशी ठरल्या. दादा शाळेत जायला लागला. आम्ही पाच जणांनी त्या घरासाठी एकच कागद केला आणि तो त्यांच्याच घरी, दारामागे लावून ठेवला. जो येईल त्याने त्यावर लिहायचं, आधीचं वाचून मगच तोंड उघडायचं. इतकी साधी गोष्ट घडवून आणायला आम्हाला चार बैठका लागल्या, कारण पाच जणांचे साहेब पाच वेगळे.

नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक या परिचारकाने याच वैतागातून २००६ मध्ये 'बुर्टझोर्ख' नावाची संस्था काढली. नावाचा अर्थच मोहल्ल्याची देखभाल. जास्तीत जास्त १२ परिचारिकांचा गट, आपला भाग आपण सांभाळायचा, वर साहेब नाही. एका घरी फार वेगवेगळी माणसं पाठवायची नाहीत. मला या गोष्टी वाचताना हेवा वाटतो, आणि कागदावर एक ओळ जास्त लिहावीशी वाटते.

आता मीही निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणत नाही. "मंगळवारी दहाला येते, बारापर्यंत आहे, तेवढ्यात तुम्ही झोपा किंवा बाहेर जाऊन या," असं म्हणते. नको असेल तर माणसं सांगतात. हवं असलेलं सांगता येत नाही, पण नको असलेलं येतं.

केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाचं, म्हणजे पॅलिएटिव्ह सेवेचं, काम सुरू झालं, आणि पुढे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात गेलं. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. २००८ मध्ये केरळने त्यासाठी राज्याचं धोरणही केलं. पॅलिएटिव्ह सेवा रुग्ण गेल्यावर संपत नाही, मागे राहिलेल्यांकडे जाणं हाही तिचा भाग आहे, हे मी तिथल्या कामाबद्दल वाचताना शिकले. सासूबाई गेल्या त्यानंतर माझ्याकडे गटातले काका आले होते, दोनदा. बाकी कुणी यायचं कारणच उरलं नव्हतं. फाइल बंद झाली होती.

गेल्या गुरुवारी मी एका घरी गेले. तिथे मी दीड वर्ष जात होते, घरातल्या आजींसाठी. पाच आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. सूनबाईंनी दार उघडलं आणि गोंधळून म्हणाल्या, "ताई, आता कशाला आलात? आई तर गेल्या."

"तुमच्याकडे आले," मी म्हटलं.

त्या बाजूला झाल्या. आतल्या खोलीत पलंगावर हवेची गादी तशीच होती, पंप बंद. नळीला चिकटपट्टीचा तुकडा होता, फुटली होती तेव्हा आम्ही दोघींनी लावलेला. त्या म्हणाल्या, रोज बघते, काढायला हात होत नाही. आम्ही झडप उघडली. हवा जायला बराच वेळ लागला. मग एका टोकाला त्या, एका टोकाला मी, अशी ती गुंडाळली. नंतर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि मी त्यांना विचारलं, "झोप लागते का?"